देवीची चांदी गेली कुठे?

पांडवलेण्यांची सहल नाशिकच्या बहुतेक शाळा काढतात. दहाव्या लेण्यात आपण मुलांना खांब दाखवतो आणि पुढे जातो. भिंतीवरचा हिशेब वाचायचा राहतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात तिथे सांगतो, की दान दिलेले ७०,००० कार्षापण म्हणजे, ३५ ला एक या दराने, २००० सुवर्ण. भागाकार बरोबर आहे!

हा दर आपल्याला एका रोमन देवीपर्यंत नेतो. सम्राट टायबेरियसच्या (इ. स. १४ ते ३७) देनारियस या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस त्याचे मस्तक, दुसरीकडे राजदंड व फांदी घेऊन बसलेली स्त्री. ती शांतिदेवी पॅक्स, किंवा तिच्या रूपात सम्राटाची आई लिव्हिया, असे मानतात. दक्षिण भारतात ही नाणी मोठ्या संख्येने मिळाली. नहपानाच्या राज्यातल्या भरुकच्छ (भडोच) बंदरातही रोमन नाणी बदलण्यात फायदा असे, हे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंदलेले आहे. मग आपल्याकडे ही देवी इतकी दुर्मिळ का?

नहपानाचे नाणे सुमारे २ ग्रॅमचे. लेखातला कार्षापण तोच, आणि सुवर्ण म्हणजे ७.८ ग्रॅमचे रोमन सोन्याचे नाणे, असे धरू. (दोन्ही गृहीतेच आहेत, हे मुलांना जरूर सांगावे.) तर त्या सोन्याला इथे ७० ग्रॅम चांदी पडे. रोममध्ये मात्र २५ देनारियस, प्रत्येकी सुमारे ३.९ ग्रॅम, म्हणजे ९७ ग्रॅम. चांदी इथे महाग होती. व्यापाऱ्याला ती आणणे परवडे आणि टाकसाळीला वितळवणे. एका देनारियसची जवळजवळ दोन नाणी होत.

देवी मुशीत गेली, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. आम्हाला तो पटतो. पण पुरावा धातूतच शोधायला हवा. चांदी वितळली तरी तिच्यातला सोन्याचा सूक्ष्म अंश टिकतो, आणि त्यावरून मूळ धातूचा माग काढता येतो.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांवरचे मस्तक रोमन नाण्यांची आठवण देते, कडेला ग्रीक अक्षरेही आहेत. मागे देवीऐवजी बाण आणि वज्र. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकला. त्याने मात्र ती वितळवली नाहीत, म्हणून डोंगराच्या चिन्हाखाली नहपानाचे नाक अजून दिसते.