अहेरी परगणा: गाव, देव आणि पंडुम

अहेरी म्हटले की बाहेरच्या वाचकाला आधी आत्राम घराण्याचा राजवाडा आठवतो. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या जमीनदाऱ्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. दसऱ्याला आजही दूरदूरच्या गावांतून माणसे अहेरीत जमतात. त्यामुळे या मुलखाची परंपरा म्हणजे राजघराण्याची परंपरा, असा समज सहज होतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८५४ मध्ये इंग्रज आले, १९५१ मध्ये जमीनदारी संपली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी अहेरीसह गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. एवढ्या काळात वरची सत्ता पुन्हा पुन्हा बदलली. गावाचा पुजारी, म्हणजे पेरमा, मात्र पेरणीपूर्वीची पूजा करतच राहिला. राजसत्ता हा या संस्कृतीचा पाया असता, तर सत्तेबरोबर तीही ढासळली असती. १८५८ च्या उठावात मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यात फाशी गेले. त्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता. राजवाड्याची निष्ठा आणि जंगलातल्या समाजाची निष्ठा एकच मानता येत नाही, हे त्यावरून दिसते.

मग पाया कोणता? माझ्या मते तो गावाच्या शिवेत आहे. भामरागड, एटापल्ली भागातल्या माडिया गोंडांच्या गावात जमीन, जंगल आणि नाला यांची हद्द माणसांच्या आधी देवाशी जोडलेली असते. ज्या कुळाने गाव वसवले, त्याचा या भूमीच्या देवाशी पहिला संबंध. म्हणून पेरमा बहुधा त्याच कुळातला असतो. मागून आलेल्या कुटुंबाला त्या कुळाच्या आणि गावाच्या संमतीने जागा मिळते. गायता, भूमिया, पाटील, वड्डे ही पदे गावागणिक थोडी वेगळी दिसतात, कामांची वाटणीही बदलते. निर्णय मात्र एकटा माणूस घेत नाही. बैठक लांबते, दुसऱ्या दिवसावर जाते, सगळ्यांचे जुळेपर्यंत चालते.

शीव ही पहिली चौकट, नात्यांची रचना ही दुसरी. गोंड कुळे देवांच्या संख्येप्रमाणे चार, पाच, सहा आणि सात देवे अशा गटांत मोडतात. एका गटातली कुळे परस्परांची भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक दुसऱ्या गटात. परक्या गावात गेलेल्या माणसाला आडनाव सांगताच तिथे आपले भाऊ कोण आणि सोयरे कोण हे कळते. प्राणहिता नदीपलीकडच्या राजगोंडांत हीच रचना ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या ग्रंथात बारकाईने मांडली. राज्यांची सीमा नदीवर थांबते, ही सोयरीक थांबत नाही. अहेरी, सिरोंचाकडे बतकम्माचा सण तेलुगू रीतीने साजरा होतो, बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी एकमेकींत मिसळतात, तेही याच नदीकाठच्या व्यवहारातून.

तिसरी चौकट पंडुमांची. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू. पंडुम म्हणजे सण, पण केवळ नाचगाणे नव्हे. विज्जा पंडुमात घरोघरचे बियाणे एकत्र येते, त्याची पूजा होते, आणि मगच पेरणी. आंबा झाडाला लागला तरी मर्का पंडुम होईपर्यंत नवा आंबा खायचा नाही. नवे धान्यही आधी देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. म्हणजे पंडुम जंगलातून काय, केव्हा आणि कोणी घ्यायचे याचे वेळापत्रक आहे. कच्चे फळ ओरबाडले जात नाही, एक घर दुसऱ्याच्या आधी हात मारत नाही. नियम मोडणारा गावापुढे उत्तरदायी असतो. रेला नाचाची रात्र या शिस्तीचा आनंदाचा भाग आहे, पण पर्यटकांच्या चित्रफितीत तेवढाच उरतो.

अशी व्यवस्था जगात इतरत्रही सापडते. नायजेरियातल्या इग्बो गावांत नव्या कंदाचा सण होईपर्यंत नवा याम खात नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी कारभार राजाऐवजी कुळांच्या सभांकडे होता. इंग्रजांनी तिथे सनदी मुखिया नेमले. त्या कारभाराविरुद्ध आणि कराच्या भीतीने १९२९ मध्ये इग्बो स्त्रियांनी मोठा उठाव केला. सभेने चालणाऱ्या समाजावर एकच धनी बसवण्याची चूक वसाहती राज्याने दोन्हीकडे केली. अहेरीत तिचे रूप वेगळे होते: जमीनदार हा जंगलाचा मालक ठरला आणि गावाचा जुना हक्क कागदावर आलाच नाही.

गोटुल, म्हणजे गावातले तरुणांचे सामायिक घर, याविषयीही एक खुलासा आवश्यक आहे. व्हेरिअर एल्विन यांचा १९४७ चा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरियांवर आहे. तिथले चित्र माडियांवर चिकटवणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. माडिया गोटुलात मुली नाचगाण्याला येतात, मुक्कामाला राहत नाहीत. तिथे पाहुणा उतरतो, बैठक भरते, तंटे मिटतात. या संस्थेवर वर्षानुवर्षे जे चवीने लिहिले गेले, त्याने या समाजाचा फार अपमान केला आहे.

शिवेचे नाते पूर्वजांशीही आहे: मृतांसाठी उभ्या केलेल्या शिळा गावांजवळ दिसतात. कोणत्या कुळाचे पूर्वज या भूमीत आहेत, याचा तो पुरावाही आहे.

हा सगळा विचार आज कायद्याच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधने जपण्यास सक्षम मानले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचा हक्क दिला. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. दुसरीकडे, एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि तिथेच लोहखनिजाची खाण चालते. डोंगर हे देवाचे ठिकाण आहे असे गाव म्हणते, तेव्हा ते केवळ श्रद्धा सांगत नसते. हद्द, पूर्वज आणि वापराचा नियम यांचा दावा ते करत असते. भावनेचा प्रश्न म्हणून त्याची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

म्हणून विनंती आहे ती ग्रामसभांना आणि २०११ पासून गडचिरोलीत असलेल्या गोंडवाना विद्यापीठाला. प्रत्येक गावाच्या पंडुमांचे वेळापत्रक, देवांची ठिकाणे, शिळा आणि शिवेच्या खुणा गावातल्याच जाणत्यांकडून, त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्या, आणि ती नोंद वनहक्काच्या दाव्याला जोडा.