फेलिक्स बोका नेमका कोणाचा?

९ नोव्हेंबर १९१९ रोजी ‘फेलाइन फॉलीज’ हा अमेरिकन मूकपट प्रदर्शित झाला. त्यातील काळ्या बोक्याचे नाव तेव्हा मास्टर टॉम होते. ‘फेलिक्स’ हे बारसे त्यानंतर लवकरच झाले. पडद्यावर नाव झळके ते मूळच्या ऑस्ट्रेलियन स्टुडिओमालकाचे, पॅट सलिव्हनचे. चित्रे काढून दिग्दर्शन करणारा त्याच्या पदरचा ऑटो मेसमर प्रेक्षकांना ठाऊकही नव्हता.

अंग काळे भरले की बाह्यरेषांचे श्रम वाचत, म्हणून बोका काळा. पण मेसमरने त्याला विचार करायला शिकवले. हात पाठीमागे बांधून तो येरझारा घाली. शेपटीचे कधी प्रश्नचिन्ह होई, कधी आकडा. शब्द नसताना मन दिसावे, ही त्या काळी अपूर्वाईच होती. (१९२८ मध्ये आरसीएने दूरचित्रवाणीच्या चाचण्यांत कॅमेऱ्यापुढे ठेवला तोही फेलिक्सचाच पुतळा!)

त्याच वर्षी ‘स्टीमबोट विली’ आला. सलिव्हन ध्वनीकडे उशिरा वळला आणि १९३३ मध्ये वारला, स्टुडिओ संपला. हक्क वारसांकडे गेले. मेसमर मात्र १९५४ पर्यंत फेलिक्सची चित्रपट्टी काढत राहिला.

पुढे जॉन केनमेकर या इतिहासकाराने मेसमरच्या मुलाखती घेतल्या आणि श्रेयाचा प्रश्न ऐरणीवर आला. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक ‘फेलाइन फॉलीज’मधील अक्षरांचे वळण सलिव्हनचे असल्याचे सांगतात. हा पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु त्यावरून फार तर पहिल्या पटातील सलिव्हनचा सहभाग सिद्ध होईल. नंतरच्या दशकातील त्या येरझारा मेसमरच्याच.