दफ्तराची रीत आणि ईमेल

नाशिकहून गोदावरीच्या काठाने पश्चिमेस निघाले म्हणजे आधी आनंदवल्ली लागते आणि तिच्यापुढे गंगापूर. पानिपतचा आघात आणि पती नानासाहेब पेशव्यांचे निधन ही दोन्ही दुःखे १७६१ या एकाच वर्षी सोसल्यानंतर, पुढे पुत्र थोरले माधवराव यांच्याशीही मतभेद विकोपास गेल्यामुळे, गोपिकाबाईंनी पुण्याच्या राजकारणातून अंग काढून घेतले आणि १७८८ साली मृत्यू येईपर्यंतचा आपला दीर्घ उत्तरकाळ बहुतांशी याच परिसरात व्यतीत केला. लगतच्या आनंदवल्लीस राघोबादादा आणि आनंदीबाई यांचे वास्तव्य होते. मसनदीपासून दूर बसलेल्या या मंडळींचा राज्याशी उरलेला संबंध पत्रांवाटेच चालत असे. नातू सवाई माधवराव याची दिनचर्या कशी असावी, त्याने वडीलधाऱ्यांशी कसे वर्तावे, याविषयी गोपिकाबाईंनी जो उपदेश केला तोही पत्ररूपानेच केला, आणि तो आज आपणांस वाचावयास मिळतो याचे श्रेय तो लिहिणाऱ्या बाईंइतकेच तो सांभाळणाऱ्या दफ्तराला आहे.

पत्राशी नाशिकचा ऋणानुबंध पुढेही तुटला नाही. १९२५ साली नाशिकरोड येथे सरकारी सुरक्षा मुद्रणालय स्थापन झाले आणि तोवर लंडनहून छापून येणारी हिंदुस्थानची टपाल तिकिटे येथे छापली जाऊ लागली. देशाच्या कानाकोपऱ्यात कोणी कोणास खुशाली कळविली तरी पाकिटावर नाशिकची छपाई असावयाची. १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि गुरुशिष्यांमध्ये शेकडो मैलांचे अंतर असूनही विद्यादान चालू शकते असे मानणाऱ्या या संस्थेचे ठाणे गंगापूर धरणाच्याच परिसरात पडले. अशा गावी राहणाऱ्याने पत्रव्यवहाराच्या साधनांचा विचार केवळ सोयीच्या दृष्टीने करू नये, त्यांच्या परंपरेचीही विचारपूस करावी, असे मला मनापासून वाटते.

ही विचारपूस करण्याचे तात्कालिक कारण असे की, संगणकावर ज्यांचे सर्व लेखन टेक्स्ट एडिटरमध्ये, म्हणजे निव्वळ मजकूर लिहिण्याच्या साधनात चालते, अशा मंडळींपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो : ईमेल वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठी त्या एडिटरच्या आतच चालणारा कोणता कार्यक्रम पत्करावा? प्रश्न वरवर यंत्रज्ञांचा दिसतो. परंतु पत्र जेथे वाचावे तेथेच उत्तर लिहावे आणि तेथेच दोन्ही जतन करावी ही जी त्याच्या मुळाशी असलेली अपेक्षा, ती आपल्याकडच्या दफ्तरांची रोजची रीत होती.

पेशवाईतील दफ्तराचा व्यवहार डोळ्यांसमोर आणावा. जासुदाने आणलेला खलिता उघडला की कारकून प्रथम पत्रावर पैवस्तीची नोंद करी, म्हणजे ते कोणत्या तारखेस पावले हे त्याच कागदावर लिहून ठेवी. मग मजकूर धन्यास वाचून दाखविला जाई. उत्तराचा मसुदा तेथेच बोरूने मोडीत उतरे, धनी अथवा कारभारी त्यात दुरुस्ती सांगे, शुद्ध प्रत रवाना होई आणि मसुदा किंवा नक्कल मूळ पत्राच्या सोबतीने रुमालात बांधली जाई. जेथे बाबी अनेक असत तेथे यादी करण्याची पद्धत होती : एकेक कलम मांडावयाचे आणि त्या त्या कलमाखाली किंवा समोर निर्णय लिहावयाचा, जेणेकरून कोणत्या मागणीस कोणते उत्तर मिळाले याविषयी पन्नास वर्षांनंतरच्या वाचकासही संदेह राहू नये. नुसत्या उत्तरात असे स्वयंपूर्णत्व येत नाही. प्रश्न आणि निर्णय शेजारी शेजारी राहिले तरच कागद स्वतः साक्ष देतो.

या शिस्तीचे फळ पुढच्या पिढ्यांना मिळाले. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले, गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अल्पावधीत पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणिसांचे दफ्तर हाती लागले. ज्यांनी हे रुमाल बांधले त्या कारकुनांपैकी बहुतेकांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत, आणि महाराष्ट्राच्या इतिहासलेखनावर त्यांचे जेवढे उपकार आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणा वर्गाचे असतील.

इंग्रजी अमलात कचेरीचे स्वरूप पालटले. आवक बारनिशी एका मेजावर, जावक बारनिशी दुसऱ्यावर, टंकलेखन तिसऱ्या खोलीत आणि अभिलेखागार तळघरात, अशी कामाची वाटणी झाली. मोठ्या राज्ययंत्रास ती आवश्यकही होती. मात्र वाचणारा, लिहिणारा आणि जतन करणारा हे तिघे वेगळे झाले, आणि आजच्या ईमेलनेही सामान्यतः हीच वाटणी पुढे चालविली आहे. पत्र दूरच्या कंपनीच्या यंत्रात राहते, ते वाचावयाचे त्या कंपनीच्या खिडकीतून, आणि उत्तर लिहावयाचे तिने दिलेल्या एका लहानशा चौकटीत, जेथे लेखकाच्या हाताच्या वळणी पडलेली एडिटरची एकही आज्ञा चालत नाही.

याच्या उलट एक प्रवाह अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत उगम पावला. त्याआधी अन्यत्र रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडून दाखविले होते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६ साली, या प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांचे सहकारी यांनी ईमॅक्स हा एडिटर घडविला. आणि त्या मंडळींना लवकरच असे वाटू लागले की ज्या पडद्यावर आपण दिवसभर लिहितो त्याच पडद्यावर पत्रेही यावीत. त्यातून आरमेल हा पत्रवाचक आला आणि १९८५ साली सर्वांस मुक्तपणे वाटलेल्या ग्नू ईमॅक्समध्येही तो नांदू लागला. वाचनाच्या जागीच मसुदा उघडे. आलेला मजकूर मसुद्यात ओढून घेता येई आणि त्यातील एकेका मुद्द्याखाली उत्तर लिहिता येई. कलमाखाली निर्णय लिहिणाऱ्या आमच्या यादीचे हे सख्खे भावंड आहे. टपाल पोहोचविणारे प्रत्येक यंत्र पत्राच्या माथ्यावर स्वतःचे नाव आणि पावल्याची वेळ नोंदविते हे पाहिले म्हणजे तर पैवस्तीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आरमेलच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र निवड करणाऱ्याने अवश्य ध्यानात घ्यावे. हा कार्यक्रम पत्रे बेबिल नावाच्या खास स्वतःच्या मांडणीत साठवीत असे. ती मांडणी इतर फारसे कोणी वाचत नसे, आणि अखेरीस २००९ सालच्या ईमॅक्सच्या तेविसाव्या आवृत्तीत ती सोडून देऊन एमबॉक्स ही सर्वसामान्य मांडणी स्वीकारावी लागली. या एमबॉक्सचाही एक दोष आहे : सर्व पत्रे एकाच लांबलचक फायलीत, आणि प्रत्येक नव्या पत्राचा आरंभ ‘फ्रॉम’ या शब्दाने, त्यामुळे कोणाच्या मजकुरातील एखादी ओळ योगायोगाने त्याच शब्दाने सुरू झाली तर तिच्यापुढे परकी खूण घालून मूळ लेखनास हात लावावा लागतो. डॅनिएल बर्नस्टीन यांनी नव्वदीच्या दशकात मेलडिर ही मांडणी दिली, तीत प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइल म्हणून राहते आणि कोणाच्याही मजकुराला धक्का लागत नाही. प्रत्येक पत्र निराळे ठेवण्याचा हा विचार रँड संस्थेच्या एमएच या कार्यक्रमाने त्याआधीच केला होता, आणि ईमॅक्सला तो कार्यक्रम जोडूनही घेतला गेला होता.

मोडीची कथा ज्यास ठाऊक आहे त्याला या तपशिलाचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये. एका शतकापूर्वी जी लिपी कचेरीतला सामान्य उमेदवार सहज वाचीत असे, ती शाळांतून गेली आणि घरोघरच्या पेट्यांतील खरेदीखते, इनामपत्रे, आजोबांची पत्रे त्यांच्या वारसांनाच मुकी झाली. कागद शाबूत आणि वाचक नाही, अशी अवस्था आपल्या पत्रव्यवहाराची होऊ नये अशी ज्याची इच्छा असेल त्याने कार्यक्रमाच्या रूपरंगापूर्वी साठवणीची मांडणी विचारावी.

ईमॅक्समध्येच पत्रे वाचू इच्छिणाऱ्यास ग्नूस, नॉटमच आणि म्यू-फोर-ई या तिघांपैकी एकाची निवड आज बहुधा करावी लागते. ग्नूस हा मुळात वार्तासमूह वाचण्यासाठी मासानोबू उमेदा यांनी लिहिला आणि १९९५ च्या सुमारास लार्स इंगेब्रिग्टसेन यांनी नव्याने घडविला. तो पत्रांनाही वार्तांप्रमाणे वागवितो, वाचून झालेले दृष्टीआड करतो, आणि रोज शेकडो पत्रे ज्यास चाळावी लागतात त्याच्या उपयोगी पडतो. परंतु ज्याला प्रत्येक पत्र पुन्हा पाहावयाचे आहे त्याला ही वृत्ती परकी वाटते. कार्ल वर्थ यांनी २००९ साली आरंभिलेला नॉटमच पत्राच्या मजकुरात काहीच फेरफार करीत नाही. तो केवळ अनुक्रमणिका तयार करतो आणि पत्रांना खुणेची नावे देतो, एकाच पत्रास हवी तितकी.

पंचवटीतील तीर्थोपाध्यायांचा व्यवहार येथे स्मरतो. रामकुंडावर आलेल्या यजमानाने आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्ये त्या घराण्याची वही काढतात, आणि पणजोबा केव्हा आले, बरोबर कोण होते, हे त्यांच्याच हस्ताक्षरात दाखवितात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींतून नेमके पान निघते ते नोंदींच्या विपुलतेमुळे नव्हे. आडनाव आणि गाव या दोन किल्ल्यांच्या योजनेमुळे निघते. नॉटमच आणि म्यू-फोर-ई हे दोघेही झेपियन या शोधसंचाच्या बळावर अशाच किल्ल्या पुरवितात; दुसऱ्याचा कर्ता डर्क-यान बिनेमा याने पत्रे एका कप्प्यातून दुसऱ्यात हलविण्याचीही सोय ठेवली आहे, जी कचेरीच्या मंडळींना अधिक सवयीची वाटेल. दोघेही पत्रे स्वतः आणीत नाहीत. ते काम स्वतंत्र कार्यक्रमाकडे सोपवून पत्रे आपल्याच यंत्रावर मेलडिरमध्ये उतरवून घ्यावी लागतात. ही अडचण मानली जाते. मला ती भूषणावह वाटते, कारण वाचनाचा कार्यक्रम उद्या पालटला तरी रुमाल आपल्याच घरी राहतो. ज्याला हा सर्व खटाटोप नको त्याने म्युट वापरावा : तो एडिटरबाहेर चालतो आणि केवळ उत्तर लिहिण्यापुरता आपला एडिटर उघडून देतो. तीही प्रामाणिक व्यवस्था आहे. माझा कौल नॉटमचला, आणि तो एवढ्याच कारणासाठी की मूळ पत्रास तो हात लावीत नाही.

मराठी पत्रलेखकाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते आणि ती म्हणजे अक्षर. आरंभीची ईमेल रोमन वर्णमालेपुरती होती. १९९२ साली माइम ही संहिता प्रसिद्ध झाली तेव्हा अन्य लिप्यांना पत्रात रीतसर प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी आखलेल्या यूटीएफ-८ या लेखनपद्धतीने पुढे तो प्रश्न बव्हंशी मिटविला. ईमॅक्सला अनेक लिप्या शिकविण्याचे श्रम जपानमधील केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, ते १९९७ सालच्या विसाव्या आवृत्तीत मूळ एडिटरमध्ये सामावले गेले, आणि देवनागरीला तेथे घर मिळाले. मोडीला त्यानंतर बरीच वर्षे थांबावे लागले. २०१४ साली युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेताच्या सातव्या आवृत्तीत तिची अक्षरे दाखल झाली आणि २०२३ साली निघालेल्या ईमॅक्सच्या एकोणतिसाव्या आवृत्तीत मोडी लिहिण्याची सोय अन्य कित्येक भारतीय लिप्यांच्या बरोबरीने आली. तेव्हा ज्याच्यापाशी मोडीचा टंक आहे अशा नाशिककराने आज एडिटर उघडून साष्टांग नमस्काराचा मायना मोडीत लिहिला, खाली कलमवार उत्तर मांडले आणि पुण्यास धाडले, तर ते पत्र तेथे पैवस्तीच्या नोंदीसह पावेल.