आर्मेचर परीक्षण
आर्मेचर परीक्षण : एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाच्या विद्युत् जनित्रातील वा चलित्रातील फिरत्या भागास आर्मेचर म्हणतात. पातळ पोलादी पत्र्यांचा गाभा, त्याच्या खाचांत बसविलेली तांब्याच्या तारेची वेटोळी आणि वेटोळ्यांची टोके ज्यास जोडलेली असतात तो दिक्परिवर्तक (प्रवाहाची दिशा पालटणारे, तांब्याच्या पट्ट्यांचे नळकांडे) हे त्याचे मुख्य घटक होत. तार तुटणे, तार गाभ्यास टेकणे आणि वेटोळ्यातील शेजारचे वेढे एकमेकांस टेकणे हे त्यातील प्रमुख दोष आहेत. तिसरा दोष सर्वांत फसवा असतो. यंत्र काही काळ चालत राहते, दिक्परिवर्तकावर ठिणग्या उडतात आणि अखेर संपूर्ण गुंडाळी जळते.

आरंभी या कामासाठी वेगळी उपकरणे नव्हती. तारायंत्राच्या कामात रुळलेले गॅल्व्हानोमीटर व व्हीट्स्टन सेतू यांवरच भागविले जाई. झेड्. टी. ग्राम यांच्या कड्याच्या आकाराच्या आर्मेचरात (१८७१) वेटोळी एकमेकांशेजारी उघडी असल्याने बिघडलेले वेटोळे वेगळे करणे सोपे होते. फ्रीड्रिख फोन हेफ्नर-आल्टेनेक यांनी १८७२ मध्ये पुढे आणलेले पिंपाकार आर्मेचर तांब्याच्या उपयोगाच्या दृष्टीने सरस ठरले; परंतु त्यात वेटोळ्यांची टोके एकमेकांवरून जातात व एक काढण्यासाठी इतर अनेक उचलावी लागतात. साहजिकच गुंडाळी न उकलता दोषाची जागा कळणे निकडीचे झाले. वेटोळ्याचा रोध अत्यल्प असल्याने साध्या सेतूने फरक कळत नसे. म्हणून गुंडाळीतून स्थिर प्रवाह सोडून लगतच्या पट्ट्यांमधील दाब मिलिव्होल्टमापकाने ओळीने मोजण्याची पद्धत रूढ झाली. दाब कमी आल्यास वेढे टेकलेले असतात, जास्त आल्यास तार तुटलेली वा सांधा सैल असतो.

गाभ्यास टेकलेली तार ओळखण्यास दिव्याची साधी कसोटी पुरते, पण निरोधन (विद्युत् रोधक आवरण) हळूहळू खराब होत असल्याचे तीवरून कळत नाही. सिडनी एव्हर्शेड यांनी १८८९ मध्ये हाताने फिरवावयाच्या जनित्रावर चालणारे निरोधनमापक तयार केले. १९०३ मध्ये नोंदविलेले त्याचे ‘मेगर’ हे नाव आता सर्वतोमुखी झाले आहे. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात, जेथे १९०७ ते १९६४ या काळात विजेच्या ट्रॅमगाड्या धावत होत्या, अशा मापनाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मात्र वेढे आपसांत टेकलेले असले, तरी मेगरचे वाचन निर्दोष येऊ शकते, हे पुष्कळदा विसरले जाते.

ही उणीव ग्राउलर या उपकरणाने बऱ्याच अंशी भरून काढली. चार्ल्स एफ्. केटरिंग यांचा विद्युत् प्रारंभक १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारगाडीत आल्यावर लहान आर्मेचरांची दुरुस्ती गावोगावच्या कारखान्यांत पोहोचली आणि तेथे हे उपकरण घरोघरच्या जात्यासारखे झाले. पत्र्यांच्या गाभ्यावरील वेटोळ्यातून प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणारा) प्रवाह सोडतात व गाभ्याच्या खोबणीत आर्मेचर ठेवतात. निर्दोष गुंडाळीत प्रवर्तित झालेले दाब एकमेकांस छेद देतात, त्यामुळे प्रवाह फिरत नाही. टेकलेल्या वेढ्यांत मात्र मोठा प्रवाह वाहतो. त्या खाचेवर करवतीचे पातळ पाते धरल्यास ते थरथरते. ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर सेकंदास १०० वेळा. उपकरणाच्या गुरगुरण्यावरूनच त्याचे नाव पडले. तथापि समान विभवाची टोके जोडणाऱ्या समकारी जोडण्या असलेल्या आर्मेचरात पाते दोष नसतानाही थरथरते. अननुभवी कारागीर तेथे चांगली गुंडाळी उकलून बसतो.

दोन वेढ्यांमधील निरोधन दुबळे असले, पण अजून फुटलेले नसले, तर पाते काहीच सांगत नाही. त्यासाठी वेढ्यांमध्येच पुरेसा दाब निर्माण करावा लागतो. जे. एल्. रायलँडर यांनी १९२६ मध्ये उच्च कंप्रतेच्या दाबाची कसोटी मांडली. तिच्यातूनच आवेग-दाब परीक्षण विकसित झाले. यात अतिशीघ्र चढणारा दाब देऊन समान वेटोळ्यांचे तरंगाकार पडद्यावर ताडून पाहतात.

मोटारगाड्यांत प्रत्यावर्तक आणि आगगाड्यांत प्रत्यावर्ती चलित्रे आल्यावर दिक्परिवर्तकयुक्त आर्मेचरांचे क्षेत्र आक्रसले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील १९२५ पासूनचा १,५०० व्होल्ट एकदिश पुरवठाही २०१६ पर्यंत बदलण्यात आला. हातातील छिद्रणयंत्रे व स्वयंपाकघरातील मिक्सर यांत मात्र अशी आर्मेचरे अजून असतात आणि गुंडाळी भरून देणाऱ्या दुकानांत ग्राउलर वापरात आहे.