सात पिढ्यांची नावं

अल्माटीला जाण्यामागे काही थोर विचार नव्हता. भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ऑफिसच्या सुट्ट्या जोडून आल्या होत्या, एवढंच. तुर्गेनच्या दरीतून जुनी रशियन जीप हादरत वर चढली आणि अस्सीचं पठार समोर आलं. उंची अडीच हजार मीटरच्या आसपास. गवत, घोडे, मेंढ्या, मधूनच पांढरे गोल तंबू. फोनला रेंज नव्हती, तरी मी तो सवयीने चारदा बाहेर काढला.

अशा उन्हाळी कुरणाला कझाक लोक ‘झायलाऊ’ म्हणतात. हिवाळ्याचा मुक्काम म्हणजे ‘किस्ताऊ’. वसंताची आणि शरदाची ठिकाणं आणखी वेगळी. भटके म्हटलं की वाट फुटेल तिकडे जाणारे, असं मला वाटायचं. पण प्रत्येक कुळाच्या वाटा आणि पाणवठे ठरलेले असत. बर्फ वितळेल तसं वर जायचं, थंडी पडू लागली की खाली उतरायचं. एका जागचं गवत पार संपायच्या आत कळप हलवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा उगवतं.

भीती असे ती ‘जुत’ची. वितळलेला बर्फ पुन्हा गोठला की गवतावर कडक थर बसतो, खुरांनी तो फुटत नाही आणि जनावरं उपाशी मरतात. त्यावरही मुख्य उपाय म्हणजे तिथून हलणं.

हे हलणंच सोव्हिएत सरकारला मागासलेपण वाटलं. १९२८ मध्ये श्रीमंत पशुपालकांचे कळप जप्त करायचा हुकूम निघाला. मग फिलिप गोलोश्चोकिन या पक्षप्रमुखाच्या देखरेखीखाली सामूहिकीकरण आणि सक्तीची वस्ती आली. जनावरं सामुदायिक शेतांवर एका जागी गोळा केली. तिथे ना पुरेसा चारा, ना निवारा. भोवतालचं गवत संपलं आणि कळप जागच्या जागी मेले. ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता त्यांच्याकडूनही धान्य मागितलं गेलं, शिवाय मांसाचा कोटा होताच. तो भरायला लोकांनी उरलेली जनावरं दिली. मग खायला काही उरलं नाही.

चालू सिस्टिम न समजून घेता ती बदलायला निघालेल्या माणसाला आम्ही ऑफिसात हसतो. तिथे फार तर सर्व्हर बंद पडतो.

१९३० ते १९३३ या काळात सुमारे १५ लाख माणसं मेली. त्यांतले जवळपास १३ लाख कझाक होते, म्हणजे तिघांतला एकाहून जास्त. दहातली नऊ जनावरं गेली. लाखो लोक सीमा ओलांडून चीनकडे आणि इतरत्र पळाले. १९२६ च्या जनगणनेत कझाकस्तानात सुमारे ३६ लाख कझाक होते, १९३९ मध्ये २३ लाख. आपल्याच भूमीत ते पुढची कित्येक दशकं अल्पसंख्य राहिले. सोव्हिएत राजवटीत याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. राजधानी आस्तानात या दुष्काळाच्या बळींचं स्मारक झालं ते २०१२ मध्ये.

यातलं बरंचसं मी परत आल्यावर वाचलं. त्या संध्याकाळी मात्र तंबूत बसून कुमीस पीत होतो. घोडीचं आंबवलेलं दूध. ताकासारखं आंबट, वर धुराचा वास. छताला मधोमध लाकडी कडं होतं, ‘शानिराक’. तेच कडं देशाच्या राजमुद्रेवरही आहे.

ड्रायव्हर तोडक्या इंग्रजीत म्हणाला, कझाक मुलाला बापाकडच्या सात पिढ्यांची नावं पाठ असावी लागतात. आपल्याकडे सात पिढ्या बसून खायला असतात, नाहीतर भांडणात उद्धारायला. मला स्वतःला पणजोबांच्या पलीकडचं एक नाव सांगता येणार नाही.

घरातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा उभा राहिला आणि पाढे म्हणावेत तशी धडाधड नावं म्हणून मोकळा झाला. मी टाळ्या वाजवल्या. चुलीपाशी बसलेली आजी काहीतरी पुटपुटली. मी ड्रायव्हरकडे पाहिलं.

“तिसरं नाव तिच्या सासऱ्याचं,” तो म्हणाला. “पाच भाऊ होते. त्या हिवाळ्यात हा एकटाच राहिला, असं म्हणते.”

आजीने माझा रिकामा वाडगा न विचारता पुन्हा भरला.