प्लॅस्टिकबंदी, महाराष्ट्रातील
एकदाच वापरून टाकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या वस्तूंचे उत्पादन, विक्री, साठवण व वापर यांवरील राज्यव्यापी कायदेशीर निर्बंध. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात प्लॅस्टिक पिशव्यांनी नाले तुंबल्याचे दिसून आले. पुढे अविघटनशील कचऱ्याविषयीच्या २००६ च्या अधिनियमाखाली २३ मार्च २०१८ रोजी बंदीची अधिसूचना निघाली. पिशव्या, ताटे, पेले, चमचे यांवर बंदी असून पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड आहे. औषधांची वेष्टने वगळली आहेत. पर्याय म्हणून वापरल्या जाणाऱ्या कापडी पिशवीच्या निर्मितीस प्लॅस्टिक पिशवीपेक्षा अधिक पाणी व ऊर्जा लागते, हा आक्षेप खरा असला, तरी तो पिशवी मोजक्याच वेळा वापरली, तरच टिकतो. तीच पिशवी वर्षानुवर्षे वापरल्यास हा भार विभागला जातो. म्हणून बंदीचे यश जप्तीपेक्षा पुनर्वापराच्या सवयीवर अधिक अवलंबून आहे (पहा : घनकचरा व्यवस्थापन).