एक मे : एक तारीख, तीन गोष्टी

मैत्रिणींनो, १ मे म्हटलं की झेंडावंदन आणि मुलांचा निकाल आठवतो. पण या तारखेच्या पोटात तीन गोष्टी आहेत.

पहिली अमेरिकेतली. १ मे १८८६ रोजी शिकागो आणि इतर शहरांतल्या कामगारांनी मोठा संप केला. मागणी एकच : काम दिवसाला आठ तासच. म्हणून हा कामगार दिन.

दुसरी आपली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०० हून अधिक माणसांनी जीव गमावला, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह आपलं राज्य झालं.

तिसरी फारशी कुणी सांगत नाही. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. कारभार गावाजवळ आला.

आपण पहाटे पाण्याला उठतो, रात्री भांडी घासून निजतो. आपले तास कुणी मोजले? या दिवशी गावात ग्रामसभा असते. तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. मग यंदा तिथे जाऊन बसू, पाण्याचा विषय मांडू, तो वहीत लिहून घ्यायला लावू. तिन्ही गोष्टी हेच सांगतात : मागितल्याशिवाय काही मिळालेलं नाही.